घरचा पाऊस

१

बुधवार, १५ एप्रिल. कमाल तापमान ३९, वारा नाही, आकाशात ढगाचा ठिपका नाही. मागच्या अंगणातली शहाबादी फरशी संध्याकाळी पाचलासुद्धा अनवाणी पायाला सोसत नव्हती. अशा दिवशी माझ्या बायकोला पाऊस हवा होता.

उज्वला बारा वर्षं फॉल-पिको करते. या वर्षी तिने स्वतःच्या डोक्याने एक वस्तू शिवली. साडी नेसून स्कूटी चालवणाऱ्या बाईसाठी रेनकोट. निऱ्या झाकणारा पुढचा पडदा, पदर ठेवायला आतून खिसा, सीटवरून खाली येणारा मागचा घोळ. रंग जांभळा. नाव तिनेच ठेवलं, साडीकोट. शेजारच्या जहिदाभाभींचे भाऊ निजामभाई यांचं मेनरोडला बॅगा आणि रेनकोटचं दुकान आहे. त्यांना नमुना आवडला, पण त्यांची एक अट होती.

"ताई, हँगरवरचा फोटो नको. बाई घालून पावसात उभी पाहिजे. पोस्टर रविवारी छापायला जाणार. फोटो आला तर तुमचा माल या सीझनला लागला समजा. नायतर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षापर्यंत दुसरं कुणीतरी असाच कोट शिवून बाजारात आणेल, हे उज्वलाला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

"अहो, तुमच्याकडे कॅमेरा आहे, पाइप आहे, मोटर आहे," ती म्हणाली. "पाऊस तेवढा नाही."

"तेवढाच नाही," मी म्हणालो.

२

मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाणी तपासण्याच्या विभागात आहे. पाण्यातले क्षार, पाइपात धरणारा थर, हे माझं रोजचं काम. नोंद ठेवायची सवय तिथलीच. घरी ही वही गेली एकोणीस वर्षं आहे आणि तिच्यात अंदाजाने काही लिहायचं नाही असा माझा नियम आहे.

बारा फुटी प्लॅस्टिकचा पाइप घेतला. दोन-दोन इंचांवर दीड मिलिमीटरची भोकं पाडली, एकूण बहात्तर. एका टोकाला बूच, दुसरं टोक ड्रममधल्या छोट्या मोटरीला. पाइप नऊ फुटांवर, कपड्यांच्या तारेच्या दोन खांबांना आडवा बांधला. त्याच्या बरोबर खाली सहा फरशांची एक ओळ येते, दोन फुटांची एकेक. स्वयंपाकघराच्या दारापासून मी त्यांना एक ते सहा आकडे दिले. उज्वला पाचव्या फरशीवर. मागे भिंतीला काळी चादर. ड्रमात दोनशे लिटर पाणी, म्हणजे सहा मिनिटांचा पाऊस. पाऊस फोटोत दिसायचा असेल तर उजेड मागून यावा लागतो. सव्वासहाला ऊन भिंतीवरून तिरपं उतरतं, तेव्हा काम करायचं.

मोटर चालू केली. पहिल्या मिनिटात पाइप मधोमध वाकला. दुसऱ्या मिनिटात उज्वला म्हणाली की कोटाची टोपी मागे सरकतेय. तिसऱ्या मिनिटाला भिंतीवरून जहिदाभाभींचं डोकं वर आलं.

"चंदरभाऊ, आमच्या नळाला करंगळीएवढी धार, अन् तुमच्या अंगणात पावसाळा!"

"भाभी, तुमच्या भावामुळेच चाललंय हे."

"मग माझ्या बादल्या तरी तिथं ठेवा की खाली."

उज्वला हसली आणि नेमका तो फोटो हलला. एकूण एकतीस फोटो. रात्री जेवणाआधी मोठ्या पडद्यावर पाहिले. पावसाच्या रेघा छान आल्या होत्या, चांदीच्या तारांसारख्या. फक्त दुसऱ्या फरशीवर दीड फूट रुंदीची फट होती. तेवढ्यात पाऊसच नव्हता.

भोकं बुजली असणार. आमचं पाणी बोअरचं. क्षार भरपूर.

३

गुरुवार, १६ एप्रिल. ३९.५. वारा नाही.

सकाळी ड्यूटीला जाण्याआधी पाइप खाली काढला. उज्वलाच्या मशीनची सुई घेऊन बहात्तर भोकं एकेक करून साफ केली. वहीत बहात्तर खुणा केल्या. सुई परत दिली तेव्हा ती म्हणाली, "ही सुई आता कापडात जाईल का? टोक बघा." मी नवीन पाकीट आणून दिलं. पाइप परत बांधून मोटर लावली आणि हात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. बहात्तर धारा. कुठेही खंड नाही.

संध्याकाळी सव्वासहाला काम सुरू. सत्तावीस फोटो. फट होतीच. या वेळी तिसऱ्या फरशीवर.

मी वैतागलो. बुजलेलं भोक जागा बदलत नाही. चोवीस तासांत एक फरशी पुढे सरकणारा क्षार मी नोकरीत कधी पाहिलेला नाही. तरीही कारण असणार. पाइप मधून वाकतो, दाब कमीजास्त होतो, त्यामुळे धारा इकडेतिकडे जात असतील. तसं वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

मोटर बंद केली. उज्वला कोट काढून आत गेली, तो बाथरूममध्ये खुंटीवर अडकवून तिने चहाचं आधण ठेवलं. मी वायर गुंडाळत होतो. पाइपातलं उरलेलं पाणी थेंब थेंब गळून थांबलं. आणि मग अंगणात एक आवाज राहिला. रेनकोटवर पाऊस पडतो तो आवाज. कापडावर नाही, पत्र्यावर नाही. प्लॅस्टिकवर, जवळजवळ, टपटप टपटप, आत माणूस असल्यावर जसा जरा बोदा येतो तसा.

मी भिंतीवरून पाहिलं. जहिदाभाभींनी ताडपत्री टाकलेली असेल असं वाटलं. त्यांच्या अंगणात वाळत घातलेले पापड होते, दुसरं काही नव्हतं.

"उज्वला, कोट कुठे आहे?"

"बाथरूमात. का? फाटला का?"

"नाही."

आवाज साधारण वीस मोजेपर्यंत होता. आधी किती वेळ होता ते मोजलेलं नाही.

४

शुक्रवार, १७ एप्रिल. ४०. वारा नाही.

आज शास्त्रशुद्ध परीक्षा घ्यायची ठरवली. पाइप सोडून टोकाशी टोक उलटा बांधला. दोष पाइपात असेल तर तिसऱ्या फरशीवरची फट उलट बाजूने मोजून चौथीवर यायला हवी.

चौथीवर आली.

मला इतका आनंद झाला की मी उज्वलाला मोठ्याने सांगितलं, "बघ! दोष पाइपाचाच!"

"मग नवीन आणा ना पाइप. उद्या शनिवार आहे. मी पावसात उभी राहून राहून काळी पडेन."

"पावसाने कुणी काळं पडत नाही."

"तुमच्या पावसाने पडेन. आणि त्या बाजूला गार लागतं मला."

"कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. फ्रिज उघडा राहिलाय असं."

"चाळीस तापमानात गार लागतंय तर बरंच आहे की," मी म्हणालो. वीस मिनिटं पाइपाशी झटलो होतो, उजेड चालला होता, आणि या बाईला गार लागत होतं.

तरी मी स्टूल घेतलं आणि मोटर चालू असताना वर चढून जवळून पाहिलं. ते इथे जसं दिसलं तसं लिहितो. चौथ्या फरशीवरच्या सगळ्या भोकांतून पाणी येत होतं. धारा सरळ खाली निघत होत्या. साडेतीन-पावणेचार फूट खाली आल्या की तिथून पुढे दिसत नव्हत्या. कशावर आपटत नव्हत्या, उडत नव्हत्या. जमिनीपासून ती उंची सव्वापाच फूट भरते. उज्वलाची उंची पाच फूट दोन इंच आहे, टोपी घातल्यावर जरा जास्त.

उतरलो. डोळ्यांवर ऊन येत होतं. तिरप्या उन्हात बारीक धारा अर्ध्यातच दिसेनाशा होणं शक्य आहे. हे मी स्वतःलाच दोनदा सांगितलं.

पाणी संपलं. उज्वला बाजूला झाली. ती उभी होती तिथे पाचव्या फरशीवर, दोन पावलं जुळवून ठेवल्यावर राहते तेवढी जागा कोरडी होती. कोटाच्या घोळाखाली पाणी गेलं नव्हतं, साहजिक आहे.

तिच्या डावीकडे, चौथ्या फरशीवर, तशीच दुसरी होती.

उन्हाने दोन्ही जागा पाच मिनिटांत बाकीच्या फरशीसारख्या झाल्या. मी टेप आणायला आत गेलो होतो. मोजायच्या राहिल्या.

५

रात्री उज्वलाने त्यातला बरा फोटो माझ्या नकळत निजामभाईंना पाठवला. शनिवारी सकाळी त्यांचा आवाजी निरोप आला. आम्ही दोघांनी चहा पिता पिता ऐकला.

"ताई, कोट एक नंबर दिसतोय. पण तुमच्या बाजूला कोण उभं होतं? पुसलंय ना तुम्ही? नीट पुसलं नाय हो. आकार राहिलाय. आमच्या पोरांकडे दिलं तर अजून बिघडेल. दुसरा काढा अन् आज रात्रीपर्यंत पाठवा, सकाळी छापायला देतोय."

उज्वलाने कप खाली ठेवला. "कोण उभं होतं म्हणे."

"फट आहे ती. त्यांना माणूस वाटला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, नवीन पाइप आणायला हवा."

शनिवार, १८ एप्रिल. ४०. वारा नाही. नाशिक रोडच्या दोन दुकानांत बारा फुटी पाइप नव्हता. तिसऱ्या दुकानात वीस फुटी होता आणि कापून देणारा माणूस लग्नाला गेला होता. वीस फुटी पाइप स्कूटरवर आणता येत नाही. रिक्षावाला नाही म्हणाला. दुपारी तीन वाजता मी रिकाम्या हाताने घरी आलो. उज्वला दारातच उभी होती, जांभळा कोट इस्त्री केलेल्या साडीसारखा हातावर घेऊन. माझे रिकामे हात बघून तिने कोट परत खुंटीला लावला. ते मला जास्त लागलं.

६

मग माझ्या डोक्यात ते आलं. फळीत भोक पडलं की आपण त्यात पाचर मारतो. फट जायची नसेल तर ती भरावी. उज्वलाला पाचव्या फरशीवरून काढून चौथीवर, नेमक्या त्या जागेत उभं करायचं. दोन्ही बाजूंना पाऊस, मध्ये ती. फट दिसणारच नाही.

"मग माझ्या अंगावर पाऊस पडणार नाही," ती म्हणाली.

"थेंब आपण लावू. ग्लिसरीन आणि पाणी, फवारणीच्या बाटलीने. कोटावर मोत्यासारखे बसतात."

"तिथेच का पण? त्या जागेत?"

"कारण फट तिथे आहे, उज्वला."

"मला नाही आवडत ती जागा."

मलाही आवडत नव्हती. हे इथे लिहितो, कारण तिला तेव्हा सांगितलं नाही. मी म्हणालो, "निजामभाईंना काय कळवू? पुढच्या वर्षी बघू म्हणून?"

ती आत गेली आणि कोट घालून, टोपीची नाडी बांधून आली.

सहा वाजून बारा मिनिटांनी मोटर लावली. पाऊस सुरू झाला. चौथ्या फरशीवर फट उभी राहिली. उज्वला पाचवीवर होती. मी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि हाताने खूण केली, सरक. तिने एक पाऊल उचललं, थांबली, माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा खूण केली.

ती आत सरकली.

फट गेली. एका क्षणात, दार लावावं तशी. सहाही फरशांवर पाऊस अखंड, आणि मधोमध जांभळा कोट. उज्वलाचे ओठ हलले. मोटरीचा आवाज मोठा, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी ओरडलो, "छान! अशीच!" आणि बटण दाबत राहिलो. बावीस फोटो. फवारणीची बाटली तशीच राहिली, तिची गरज पडली नाही.

मोटर बंद केल्यावर मी अंगण पाहिलं. सगळं सारखं भिजलेलं. एकही कोरडी जागा नाही. ती उभी होती ती फरशीसुद्धा तिच्या पायाखाली चकचकीत ओली होती. तिने कोट काढला. साडी कोरडी, केस कोरडे.

"बघा," ती म्हणाली, "एक थेंब आत गेला नाही." चार दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला होता.

"मघाशी काय म्हणालीस?"

"कधी?"

"फोटो काढताना."

"मी कुठे काही बोलले?"

फोटो क्रमांक चौदा निवडला. पाठवण्याआधी मोठा करून पाहिला. पावसाच्या रेघा तिच्या टोपीपासून खाली फरशीपर्यंत सलग येतात, कोटाच्या जांभळ्यावरूनसुद्धा. पाइप तिच्या बरोबर डोक्यावर होता. पुढे दुसरा पाइप नाही. या रेघा तिच्या पुढच्या म्हणाव्यात, तर त्या कुठून पडल्या हे मला लिहिता येत नाही. आठ वाजायला आले होते. मी फोटो पाठवला.

७

निजामभाईंचा निरोप सव्वाआठला आला. "कडक! असा पाहिजे होता. पोस्टरवर मध्यभागी तुम्हीच, ताई."

जहिदाभाभी शिरखुर्म्याची वाटी घेऊन आल्या. "आता उज्वलाताईंच्या सह्या घ्यायला लाइन लागेल मेनरोडला," म्हणाल्या. उज्वला हसली आणि खोकली. तिला तहान लागली होती. ती माठातून पाणी घेऊन दाराशी बसली आणि ग्लास संपवला. मग दुसरा. मग म्हणाली, माठातलं पाणी गार लागत नाही, फ्रिजमधलं द्या.

भाभी गेल्यावर मी पाहिलं तर ती बसली होती त्या पाटाखाली पाणी झालं होतं.

"ग्लास नीट धरता येत नाही का?" मी फडक्याने पुसलं. चार दिवस अंगणात पाणी, आता घरात पाणी.

"मी नाही सांडलं."

"मग कुणी सांडलं?"

"तोंडाला लावला होता मी ग्लास. तुम्ही बघत होतात."

मी बघत होतो, ते खरं आहे. पण मी फोटो क्रमांक चौदाकडेही बघत होतो. जेवताना तिने ताक मागितलं, दोनदा. जेवण झाल्यावर तिच्या ताटाखाली पांढरं ओघळलेलं होतं. मी भांडं जोरात ठेवलं. ती म्हणाली, "अहो, घसा सुकतोय नुसता." मी म्हणालो, चाळीस तापमान आहे, सगळ्यांचाच सुकतोय. झोपताना तांब्या तिच्या उशाशी ठेवला.

८

रविवार, १९ एप्रिल. सकाळी सातला २७. वारा नाही.

तांब्या रिकामा होता. तिच्या बाजूची गादी खालून ओली होती, वरची चादर आणि तिचे कपडे कोरडे.

साडेसातला बाथरूममधून हाक आली, "अहो, जरा इकडे या." गिझरचं काहीतरी असेल असं समजून मी चिडूनच गेलो. ती मोरीत उभी होती. हातात तांब्या. तिने तो दुसऱ्या तळहातावर ओतला. पाणी मोरीत पडलं. तिने तळहात माझ्यापुढे धरला. रेघ न् रेघ कोरडी होती, उन्हात ठेवलेल्या कागदासारखी.

"आणखी एकदा करून दाखव," मी म्हणालो.

तिने केलं. मग मी तांब्या घेऊन तिच्या डोक्यावर ओतला. पाणी पडताना मी तिच्या केसांकडे पाहत होतो. खाली मोरीत आवाज आला तेव्हा केस होते तसे होते, पावडर लावल्यासारखे हलके.

"उज्वला, काल तिथे काय झालं?"

"काही नाही हो. तुम्ही सरक म्हणालात, मी सरकले." तिची जीभ टाळूला चिकटत होती, शब्द तुटत होते. "ती जागा रिकामी नव्हती एवढंच. दोघींनी एका कोटात मावावं तसं झालं. मग मावलो."

मी विचारलं, दुसरी कोण? तिने पाणी मागितलं.

आठपासूनच्या नोंदी. आठ वाजता एक ग्लास, बसून. साडेआठला एक ग्लास, झोपवून, मान माझ्या मांडीवर. नऊला मीठ-साखरेचं पाणी. सव्वानऊला बर्फाचा खडा, जिभेवर. पहिल्या तिन्ही वेळा फरशी पुसली. बर्फाचा खडा तिच्या पाठीखाली चादरीवर मिळाला, अख्खा. ओठांना भेगा पडायला लागल्या आहेत. डोळे मिटताना तिला त्रास होतो. जहिदाभाभी रिक्षा आणायला गेल्या आहेत. निजामभाईंचा निरोप आला आहे, पोस्टर छापायला गेलं.

नऊ वाजून पन्नास मिनिटं. उज्वलाला खुर्चीत बसवलं, खाली परात ठेवली. चमच्याने पाणी पाजलं, सावकाश, प्रत्येक चमचा तिने गिळेपर्यंत थांबून. चमचे वीस. नंतर परातीतलं पाणी त्याच चमच्याने मोजलं. चमचे वीस.